एक पेशी माझी, एक तुझी

काचेच्या गर्भपेटीतून काढलेली मुलगी नर्सने पुसली आणि काहीही न विचारता मालिनीच्या हातात दिली. मालिनीचा नवरा रघुवीर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. तो हसून म्हणाला, "मी उद्यापासून कामावर जातो. रजा तूच घे."

"अर्धी अर्धी घ्यायची ठरली होती ना?"

"हो गं, पण निसर्गाचंही ऐकायला हवं. आई नऊ महिने आपल्या रक्तावर मूल वाढवते, म्हणून तिचा जीव जास्त गुंततो. बापाचं तसं नसतं. लाखो वर्षांची उत्क्रांती आहे ही."

मालिनीची कानशिलं तापली. "कुणाच्या रक्तावर, रघू? हिला या पेटीनं वाढवलं. एक पेशी माझी, एक तुझी. माझं जास्त काय गेलं ते सांग!"

"स्त्रीबीज शुक्राणूपेक्षा आकारानं मोठं असतं," तो पुटपुटला.

मालिनी इतक्या जोरात ओरडली की पोरगी दचकून रडू लागली. मालिनीने तिला त्याच्या छातीशी नेलं आणि त्याने दोन्ही हातांनी धरेपर्यंत सोडलं नाही. तो अवघडून उभा राहिला, मग हळूहळू डुलू लागला. थोड्याच वेळात पोरगी शांत झाली.

एवढं सोपं होतं, याचाच मालिनीला जास्त संताप आला.