निळ्या दोऱ्याचे सहा

"निळ्यांनाच साधं पाणी होय, बाई?" पिंजरे पुसता पुसता देवकाबाईंनी विचारलं.

सौंसरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्रमिलानं वहीतून मान वर न काढता समजावलं. बारा पांढरे उंदीर. किडनी बिघडवणारं इंजेक्शन रोज बाराही जणांना. मग पिंजऱ्याला लाल दोरा बांधलेल्या सहांना या माठातला घेटुळीचा, म्हणजे पुनर्नवेचा, काढा, निळ्या दोऱ्याच्या सहांना शेजारच्या माठातलं पाणी. लाल तगले आणि निळे खचले, की घेटुळी किडनी राखते हे सिद्ध. चार वर्षांची पीएच.डी. त्यावर टांगलेली.

"म्हणजे सहा जण मरायसाठीच ठेवले."

"तुलनेसाठी, देवकाबाई."

"हाव," देवकाबाई म्हणाल्या आणि निळ्या पिंजऱ्यासमोर जरा जास्तच वेळ बसून राहिल्या.

झाडलोट आणि उंदरांचं खाणंपिणं सांभाळणाऱ्या देवकाबाई कामाला चोख. कॉलेजचा शिपाई आठवड्यातून दोनदा आजारी पडे; यांचा एक खाडा नाही. बोरगावच्या बांधावरची घेटुळी आणायची तीही मुळासकट, धुऊन, जुड्या बांधून. साध्या पाण्याचा माठ तर केव्हाही बघावा, काठोकाठ. न सांगता भरून ठेवणारं माणूस या गावात दुसरं नाही, असं प्रमिला स्टाफरूममध्ये चारचौघांना ऐकवी. काढा मात्र पुरत नसे.

"लय पिऊन राहिले, बाई. उद्या दोन जुड्या जास्तीच्या आणते."

"लाल चटावले वाटतं."

"चांगली चीज कोण सोडते."

पंधराव्या दिवशी सकाळच्या बसनं नागपूरहून रघुनाथराव आले. प्रमिलाचे मार्गदर्शक. रक्ताचे रिपोर्ट त्यांनी टेबलावर मांडले आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"बाराही ठणठणीत. लाल तसे निळे."

"इंजेक्शन जुनं असेल, सर."

"त्याच खोक्यातलं मी नागपुरात सहा उंदरांना दिलं. नुसत्या पाण्यावर ठेवले. सहाच्या सहा जणांच्या किडन्या गेल्या." त्यांनी वही मिटली. "निळ्यांना सुई टोचलीच नाही, असं परीक्षक म्हणतील. खरं सांगू? मलाही तेच वाटतं. खोट्या आकड्यांवर मी सही करत नसतो."

प्रमिलाचा चेहरा उतरला. "रोज टोचली, सर. देवकाबाईंना विचारा. उंदीर त्याच धरायच्या."

कोपऱ्यात झाडू घेऊन उभ्या असलेल्या देवकाबाई पुढे आल्या. हात पदराला पुसले.

"बाईनं टोचली, सर. बाराही मीच धरले." त्यांनी दोन्ही माठांकडे पाहिलं. "पण आमच्या लहानपणी शाळेत असेच दोन माठ होते. आमचा वेगळा. या हातानं ते नाई झालं. पयल्या दिवसापासून निळ्यायलेही काढाच पाजून राहिली होती मी."