गड्डे

"फक्त सही करायची, काकू," सोसायटीचा सेक्रेटरी विलास कागद पुढे करत म्हणाला. "म्हणजे झाडं वाचतील."

त्याच्यामागे माळी गुंडू कुदळ घेऊन उभा होता. गेटजवळच्या वाफ्यात सकवारबाईंचे ग्लॅडिओलस कमरेएवढे झाले होते. तुऱ्यांतून लाल रंग डोकावू लागला होता. दोन दिवसांत फुलले असते. सकवारबाईंचा जीव तिळतिळ तुटत होता.

झालं होतं एवढंच. सकवारबाईंनी विलासला रीतसर कळवलं होतं, 'गेटपाशी वीस गड्डे लावलेत.' पुण्याहून इकडे कन्नड मुलखात, मारतहळ्ळीत आलेल्या विलासने गड्डे म्हणजे कोबीचे असं धरलं, आणि कमिटीला इंग्रजीत तसंच लिहून पाठवलं. सोसायटीत भाजीपाल्याला मनाई. कमिटीने वाफा उपटायचा ठराव करून टाकला. आता आपलं हसं होऊ नये म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी ही पळवाट शोधली होती.

सकवारबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. 'माझ्याकडून चुकीचा शब्द वापरला गेला. मला कंद म्हणायचे होते.'

"चूक माझी?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही हो. पण शुद्ध मराठीत कंदच म्हणतात ना."

सकवारबाई गुंडूकडे वळल्या. वाफ्यात काय लावलंय, असं त्यांनी त्याला कन्नडमध्ये विचारलं.

"हूविन गड्डे, अक्का," तो म्हणाला. फुलांचे गड्डे.

"बघा. ह्याला कळलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कळतंय. तुम्हालाच तेवढं कळलं नाही."

विलासचा चेहरा पडला. "काकू, हट्ट करू नका. सही नसेल तर मला वाफा काढावाच लागेल."

सकवारबाईंनी वाफ्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग पेन मागून घेतलं, 'कंद'वर काट मारली, वर ठसठशीत अक्षरात 'गड्डे' लिहिलं आणि सहीची जागा कोरी ठेवून कागद परत दिला.

"काढा, विलासअण्णा," त्या बाजूला होत म्हणाल्या. "पण स्वल्प आणखी खोल खणा. आमची मराठी इथं साडेतीनशे वर्षं खाली गेलीय."