उलटे गिअर

"लाल गाडीला दिवा नाही, आरसे नाहीत, नंबरप्लेट लावायला जागासुद्धा नाही," धाकटा म्हणाला. "घराच्या किमतीची गाडी, आणि कोपऱ्यावरून पाव आणायचा तर चालतच जायचं."

"थांब, लिहून घेतो," थोरला म्हणाला. "लेखाची सुरुवात झाली."

शर्यतीच्या ट्रॅकमागच्या गॅरेजमध्ये दोन मोटरसायकली स्टँडवर उभ्या होत्या, एक लाल, एक काळी. दोन्ही मोजक्याच बनवलेल्या, रस्त्यावर आणायला मनाई असलेल्या, फक्त ट्रॅकसाठी. थोरला मोटरसायकलींच्या मासिकात लिहायचा. पूर्वी गाडी पळवायचा धाकटा, आणि तो उतरला की त्याला बोलतं करून लेख लिहायचा थोरला. मग धाकटा पडला, गुडघ्याचा चुरा झाला आणि ती जोडी मोडली. आता चालताना काठी लागत असली तरी डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली होती, पण त्याचं मन देत नव्हतं.

"गाडीवरचा माझा हातच गेला रे," तो म्हणायचा. "वळणसुद्धा नव्हतं. सरळ पट्ट्यावर पडलो मी."

हे ऐकलं की थोरला विषय बदलायचा. धाकटा का पडला ते त्याला ठाऊक होतं, आणि आजवर त्याने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. आज सांगायचंच, असं ठरवून त्याने भावाला इथे बोलावलं होतं. सकाळपासून तो फक्त गाड्यांबद्दल बोलत होता.

धाकटा काठी टेकत काळीभोवती फिरला. "दिसायला हीच. लालचे पुढचे पंख, वाऱ्याने गाडी खाली दाबून धरणारे, वरून चिकटवल्यासारखे वाटतात. हिचे अंगातूनच आलेत, जोड कुठे दिसत नाही."

"आणि डोकं?"

"डोकं लालचं. मागचं चाक घसरायच्या आत तिला कळतं. पुढचं उचललं की स्वतःच दाबते. ब्रेक लावताना इंजिनने किती ओढायचं, तेही वळणागणिक तीच ठरवते. काळीलाही येतं सगळं, पण आधी लॅपटॉप जोडून शिकवावं लागतं."

"म्हणजे लाल सासू आणि काळी सून."

"हे वहिनीसमोर बोलून दाखव," धाकटा म्हणाला. "बाकी काळी स्वस्त आहे हां."

"स्वस्त म्हणजे?"

"अख्ख्या घराऐवजी पाऊण घर. पण लालबरोबर टायर गरम ठेवायची पांघरुणं फुकट देतायत. एवढ्या पैशात पांघरूण तरी मिळायलाच हवं, कारण घर गेलेलं असतं."

थोरला हसला. "उस्ताद असता तर एका शब्दात निकाल लावला असता."

बोलून गेला आणि लगेच वहीची पानं उलटू लागला. उस्ताद त्यांचा मेकॅनिक. त्या दुपारी धाकट्याला दवाखान्यात नेल्यावर उस्तादने त्याची गाडी उचलली. तिला नुसते ओरखडे होते. नेमकं काय बिघडलंय ते बघायला म्हणून तो ती ट्रॅकवर घेऊन गेला, आदळला आणि जागीच गेला. एकाच दुपारी एकाच गाडीने दोघांना पाडलं. लोक म्हणाले, गाडीच पनवती. धाकट्याला गाडी देणाऱ्या मालकाने ती भंगारात काढली. लोकांच्या त्या बोलण्याचा थोरल्याला फार आधार वाटायचा. भावाचा पाय त्याच्या माथी होता, पण उस्तादचं मरण तरी नव्हतं.

धाकट्याने खाली वाकून लालच्या गिअरच्या दांडीला बोट लावलं. "दोन्हींचे गिअर उलटे ना?"

"उलटेच."

रोजच्या गाडीत पायाने दांडी उचलली की वरचा गिअर पडतो. ट्रॅकवरच्या बऱ्याच गाड्यांत उलटं असतं, दाबली की वरचा, उचलली की खालचा. दांडीची कडी काढून दुसऱ्या बाजूला लावली की सरळचे उलटे होतात आणि उलट्याचे सरळ. हातासरशी होणारं काम. थोरल्याला उलट्याची सवय होती. धाकट्याला मात्र सरळच लागायचे, आणि उस्ताद त्याची गाडी कायम तशीच ठेवायचा.

थोरल्याने वही मिटली. आता नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं.

"ऐक. तुझा हात गेलेला नाही. तू पडलास त्याच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या गाडीवर मी चकरा मारल्या. माझ्यासाठी गिअर उलटे केले आणि परत सरळ करायचे विसरलो. तू वरच्या गिअरसाठी दांडी उचललीस, खालचा पडला, मागचं चाक अडकलं. तुझा पाय माझ्यामुळे गेला."

त्याला भावाकडे बघवेना. लाज वाटत होती, आणि इतकी वर्षं गप्प बसल्याची जास्तच वाटत होती.

धाकट्याने आधी नीट ऐकून घेतलं. मग चक्क हसायला लागला.

"हे घेऊन बसला होतास? अरे दादा, कडी न बघता मी कधी गाडीवर बसलोय? बघितली, तुला चार शिव्या घातल्या आणि सरळ करून घेतली. पडलो तो माझ्या मस्तीने. लॅपची वेळ बघायला मान खाली घातली, बस."

"खरं सांगतोयस?"

"तुझ्या पायाची शपथ. माझा तर गेलाच आहे."

थोरला मटकन स्टुलावर बसला. आधी रडू आलं, मग हसू आवरेना. अंगातला जुना ताप उतरावा तसं त्याला हलकं वाटलं. आता सगळंच सांगून टाकावंसं वाटलं, स्वतःच्या वेडेपणासकट.

"आणि मी किती घाबरलो होतो, सांगू? तुला स्ट्रेचरवर घेत होते, सगळे तुझ्याभोवती. कुणाला कळू नये म्हणून मी आधी गाडीपाशी गेलो आणि कडी फिरवली. कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा बघितलं नाही. डोळ्यांत पाणी, हातात पाना. पटकन फिरवली आणि तुझ्यामागे पळालो!"

तो डोळे पुसत हसत होता. धाकट्याचं हसणं थांबलं होतं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "उस्ताद गाडीवर बसला, तो त्यानंतरच ना?"