डोलणारी सतरंजी

या, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो.

देवळातली सतरंजी माशाच्या कातडीसारखी लवचीक होती. श्रोते डोलले की तिच्यातून वीज निघे आणि गाभाऱ्यापर्यंत दिवे लागत. पुढे लोक घरबसल्याच कीर्तन ऐकू लागले. देवळात उरल्या एकट्या शेवंतामावशी.

“भिकाजीबुवा, जरा रंगवा की. नुसत्या कंबरेच्या जोरावर मी किती उजेड पाडू?” त्या कीर्तनकार बुवांना म्हणायच्या.

मावशी वारल्या. त्यानंतरच्या एकादशीला बुवा अंधारात उभे राहिले. देवाचं मुख दिसेना. कीर्तन उभ्यानं करायचं आणि श्रोत्यांच्या बैठकीवर उभं राहायचं नाही, ही रीत. शेवटी मावशींच्या जागी बसून ते एकटेच डोलले. दिवे लागले, देव दिसला. पण त्याच्यापुढे गायला कोणी उभं नव्हतं.

बाबांनो, मावशींची आठवण असू द्या.