सगळं एकाच कॅसेटमध्ये

रविवारी सकाळी नऊ वाजता विद्यानगरच्या घरात संदेशच्या बास गिटारची सर्वांत बारीक तार तुटली. अकराला बँडसाठी चाचणी होती.

तार तुटण्याची ही पहिली वेळ नव्हती. चाचणीच्या गाण्याच्या पट्टीला यायचं तर तारा इतक्या ताणाव्या लागत की खुंटी पिळताना तो तोंड बाजूला करत असे. या खेपेला जवळ जादा तार नव्हती.

"उरलेल्या तीन तारांवर वाजव," नामदेवराव पेपरामागून म्हणाले. "एकतारीवर लोकांनी जन्म काढलेत."

"बाबा, नेमकी तीच तार ओढायची असते."

ओढायची आणि मारायची. अंगठ्याच्या हाडानं जाड तारेवर थाप, लगेच तर्जनीनं बारीक तार उचलून सोडायची. ती खाली आपटून टण्‌ वाजली पाहिजे. घरात अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. त्यामुळे सूर फारसा कुणाला ऐकू येत नसे, नुसती आपटाआपट. खालच्या मजल्यावरच्या कुसुमताईंनी संदेशच्या आईला, भामाबाईंना एकदा विचारलंही होतं, "तुमच्याकडे रोज एवढी सुपारी कोण फोडतं हो?"

शहरात नवं हॉटेल उघडत होतं. परदेशी कंपन्यांची माणसं तिथं उतरणार, त्यांना संध्याकाळी बँड लागणार. बँड सिकंदराबादच्या डेरिकचा होता आणि त्याला बास वाजवणारा हवा होता. जागा मिळाली तर पगारी नोकरी. नाही मिळाली तर सोमवारपासून बेगम बाजारात, अप्पारावमामांच्या मसाल्याच्या दुकानात. बापलेकांत तसं ठरलंच होतं. संदेशला धण्याच्या नुसत्या वासानं शिंका येत.

डेरिकनं सगळ्या उमेदवारांना एकच ठेकेबाज इंग्रजी फंक गाणं तयार करायला सांगितलं होतं. त्याची कॅसेट एका दिवसापुरती मिळाली. नामदेवराव सुलतान बाजारला निघालेच होते. त्यांनी ती आपल्या नेहमीच्या कॅसेटच्या दुकानातून उतरवून घेतली आणि मूळ कॅसेट परस्पर डेरिककडे पोचती केली. उतरवून घ्यायला घरातलीच एक कोरी कॅसेट नेली होती. शेवटची दोन गाणी तिच्यात मावत नव्हती. दुकानदार म्हणाला, "दुसरी लेलो साब." नामदेवराव म्हणाले, "कशाला? यातच बसव." त्यानं बसवून दिलं. ही हकिगत ते अजून पाहुण्यांना सांगत.

गाणं मात्र माणसाचा अंत पाहणारं होतं. गाणारी बाई चिरक्या आवाजात तोंडातल्या तोंडात काहीतरी भरभर म्हणून टाकी आणि तिच्यामागे बासवाला असा धावे की संदेशचा अंगठा सोलून निघे. फोडावर पट्टी, पट्टीखाली नवा फोड. कितीही वेग वाढवला तरी शेवटी तो अर्ध्या मात्रेनं मागेच राहत असे.

"ही माणसं वेगळ्याच हाडाची," तो म्हणे.

नामदेवरावांना हे पटत असे. मराठी मंडळात त्यांनी अभंग म्हणणं सोडलं, त्यालाही अशीच एक कॅसेट कारण होती. कॅसेटमधल्या बुवांच्या आवाजात आवाज मिसळून ते रोज सकाळी बसत. घसा बसला, पण बुवांची पट्टी काही गाठली नाही. आपला गळाच तो नव्हे, असं म्हणून त्यांनी पेटी आणि कॅसेट दोन्ही माळ्यावर टाकली.

हॉटेलात डेरिकनं स्वतःची बास गिटार पुढे केली. संदेशनं सवयीनं खुंट्या पिळायला घेतल्या.

"अरे, तोडते क्या? सुर में है वो!"

"गाने से नीचे है ना सर."

डेरिकनं ड्रमवाल्याकडे पाहिलं. ड्रमवाल्यानं काठ्यांवर चार मोजले. संदेशनं थाप मारली आणि डोळे मिटून सुटला. गाणं संपवून त्यानं डोळे उघडले, तेव्हा बाकीचे अजून मधल्या कडव्यात होते. मग तेही एकेक करून थांबले.

"क्या मियाँ," ड्रमवाला म्हणाला, "पीछे पुलिस लगी क्या?"

डेरिक हसला नाही. संदेशच्या अंगठ्याकडे पाहत त्यानं विचारलं, "कैसा सीखे जी ये?"

संदेशनं खिशातून कॅसेट काढून दिली. डेरिकनं ती लावली. रिकाम्या हॉलमध्ये बाईचा चिरका आवाज घुमला.

"ये कौन गा रई?"

उत्तराची वाट न पाहता डेरिकनं आपली मूळ कॅसेट लावली. तेच गाणं होतं. ऐसपैस, पाय पसरून बसल्यासारखं. गाणारा पुरुष होता, घोगऱ्या, भारदस्त आवाजाचा.

"जगा कम पडी हुंगी," डेरिक म्हणाला. "तेज चला को उतार दिया दुकानवाला." त्यानं संदेशची कॅसेट त्याच्या हातात परत ठेवली. "मंगल को आओ. मगर आहिस्ता बजाना सीख को आओ."

घरी परतल्यावर संदेशनं सगळं सांगितलं. आहिस्ता वाजवणं त्याला अजून जमत नव्हतं. अंगठा ऐकत नव्हता. सोमवारचं दुकान मंगळवारपर्यंत पुढे ढकलावं, एवढंच त्याचं मागणं होतं. भामाबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या.

नामदेवराव हसले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं, माळ्यावरून अभंगांची कॅसेट काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि चष्म्याजवळ धरली.

"ही पण त्याच दुकानातली," ते म्हणाले. "आणि हिच्यातसुद्धा मीच सगळं बसवायला लावलं होतं."

तीनच्या सुमारास ते कॅसेट खिशात घालून सुलतान बाजारला निघाले. आज रविवार, दुकान बंद असेल, असं भामाबाईंनी गॅलरीतून ओरडून सांगितलं. ते वळले नाहीत.

संध्याकाळी सहापर्यंत ते परतले नव्हते. कुसुमताईंनी त्यांना बसस्टॉपवर पाहिलं होतं. एकटेच उभे राहून अभंग म्हणत होते, खालच्या पट्टीत, आणि दोन बस त्यांनी सोडून दिल्या होत्या.