मापाची चित्रं

"हे नको. दोन बोटं कमी पडतंय," असं म्हणून मास्तरांच्या बायकोनं वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा होड्यांच्या चित्रावरून उचलला.

फ्रेमवाला हसला. "लोक सोफ्याच्या रंगावरून चित्र निवडतात, वहिनी. मापं घेऊन येणारे तुम्ही या महिन्यातले दुसरे."

"कपडे शिवते ना मी. कागद कापल्याशिवाय हातच चालत नाही."

मास्तर हसले नाहीत. ते शाळेत गणित शिकवायचे, आणि कागदाचे ते चार तुकडे कशाच्या मापाचे आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हॉलमधले ओलीचे दोन डाग, बेडरूममधला एक आणि दारामागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, चौथा. कितीही खरवडा, कितीही रंग फासा, डाग पुन्हा हजर.

कल्पना बायकोची. ज्या आजींचं घर ते विकत घेणार होते, तिथे भिंतीभिंतीवर जलरंगातली चित्रं होती. ते घर बघून आल्यापासून तिनं एकच धोशा लावला होता. "चित्रांनी घराला कशी कळा येते, बघितलंत ना? आपलंही घर पटकन जाईल." डागांचं नाव दोघांनीही काढलं नव्हतं. न बोलता ठरलं होतं, आणि मास्तरांना त्याचीच जास्त लाज वाटत होती.

शेवटी तीन जलरंग आणि एका वाकड्या झाडाचं पेन्सिलनं काढलेलं चित्र पसंत पडलं. फ्रेमवाल्यानं प्रत्येकाच्या पाठीवर खाकी कागद डकवला, कोपऱ्यात दुकानाचा निळा शिक्का मारला, खाली तारीख घातली.

"एक सांभाळा," तो म्हणाला. "ओल असेल तिथे जलरंग लावू नका. कागद फुगतो, लाटा येतात."

"छे, ओल कुठली!" मास्तर म्हणाले. आवाज इतका सहज निघाला की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

रविवारी घर बघायला बेकरीवाला आला. सोबत त्याची आई होती. दोन खोल्या फिरेपर्यंत तिला धाप लागली, म्हणून ती खुर्चीवर टेकली.

"भिंतींना ओल नाही ना, मास्तर?" बेकरीवाल्यानं विचारलं. "आईला दमा आहे. आताचं घर त्यापायीच सोडतोय."

बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मास्तरांनी भिंतीवरच्या जलरंगांकडे बोट केलं. मग ते म्हणाले, "ओल असती तर जलरंग लावले असते का आम्ही? कागद फुगतो त्यानं."

"असं होय! हे माहीतच नव्हतं," बेकरीवाला म्हणाला. मास्तरांच्या शब्दावर त्याचा लगेच विश्वास बसला. म्हातारी त्या वाकड्या झाडाकडे बघून म्हणाली, "किती छान काढलंय हो!"

घर गेलं. चित्रंही घराबरोबरच गेली. ती उतरवायची सोय नव्हती.

आजींच्या घराची किल्ली मिळाली त्या दिवशी आजी सगळ्या चित्रांवरून हात फिरवत हिंडल्या. "आमच्या ह्यांच्या हातची आहेत," त्या म्हणाल्या. "मुलीकडे मला एकच खोली मिळणार, तिथे भिंत कुठली? राहू देत तुम्हालाच. फक्त जागची हलवू नका हं. जिथे आहेत तिथेच शोभतात." त्यांनी डोळे पुसले. मास्तरांच्या बायकोनं वाकून नमस्कार केला.

त्यानंतर मास्तरांना अन्न गोड लागेना. हॉलमध्ये बसलं की चारी बाजूंनी कुणाच्या तरी आयुष्याची कमाई त्यांच्याकडे बघायची. "त्या बाईनं नवऱ्याची आठवण आपल्याला देऊन टाकली," ते एकदा बायकोला म्हणाले, "आणि आपण त्या दमेकरी म्हातारीला काय दिलं?" बायको मशीन चालवत राहिली. सुई बोटात गेली तेव्हा कुठे ती थांबली.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "खरं काय ते सांगून या."

मास्तर बेकरीत गेले. गिऱ्हाईक नसल्याचं बघून त्यांनी सगळं सांगून टाकलं. डाग सांगितले, कागदाची मापं सांगितली, जलरंगाची थापही सांगितली. बेकरीवाल्याच्या कोपरापर्यंत पीठ होतं. तो तसाच उभा राहून ऐकत राहिला.

"आई आल्यापासून खोकतेय," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, नव्या जागेची सवय नाही म्हणून."

"भिंती मी दुरुस्त करून देतो. उद्याच गवंडी पाठवतो."

"ते तर कराच. आणि तुमची चित्रं घेऊन जा, मास्तर. आता ती बघवणार नाहीत."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

संध्याकाळी चारही चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून ते घरी आले. बायकोनं गाठ सोडली, वाकडं झाड बाहेर काढलं आणि पदरानं त्याची फ्रेम पुसली.

"हे लावू या," ती म्हणाली. "रोज डोळ्यांसमोर राहू दे. पुन्हा असलं काही करायची बुद्धी व्हायची नाही."

"लावायचं कुठे? भिंती तर आजींच्या चित्रांनी भरल्यात."

"बेडरूमच्या दारामागे त्यांचं छोटं चित्र आहे ना, ते आपण हॉलमध्ये मानानं लावू. ह्यांच्या हातचं म्हणाल्या होत्या, ते दारामागे कशाला? आजी एवढ्यावरून रागावणार नाहीत. आपलं हे तिथे शोभेल. लाजिरवाणं आहे, दारामागेच बरं. रात्री दार लावलं की आपल्याला रोज दिसेलच."

मास्तर गुडघ्यांवर बसले. ते चित्र फार खाली लावलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी, देवाचं उचलावं तसं, ते अलगद खिळ्यावरून काढलं आणि बायकोकडे दिलं. पाठीवरच्या खाकी कागदावर तोच निळा शिक्का होता, त्यांनी चित्रं घेतली त्याच्या आठ दिवस आधीच्या तारखेचा. आणि भिंतीवर, बरोबर फ्रेमच्या मापाचा, ओला काळपट डाग.