मधलं दार

आखातातल्या झल्लाकच्या आमच्या हॉटेलात एस्थर माझ्या हाताखाली खोल्या आवरते. तिच्या आफ्रिकेतल्या देशात पहिल्यांदाच एक बाई अध्यक्षपदाला उभी राहिली आणि हरली. जुन्या अध्यक्षांनी मतं चोरली म्हणून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा एस्थरचा धाकटा भाऊ गोळी लागून गेला.

काल तीच बाई आमच्याकडे उतरली. चादर बदलताना एस्थरने तिला मोबाइलवर भावाचा फोटो दाखवला. बाईने तिला कुशीत घेतलं, म्हणाली, "याला मी विसरणार नाही." एस्थरचे पाय दिवसभर जमिनीला लागले नाहीत.

"सिस्टर, आमची मॅडम विकली जाणारी नाही," ती मला सांगत होती. गुहागरला पंचायतीच्या निवडणुका मीही पाहिल्यात.

आज सकाळी रिसेप्शनचा फोन आला, मॅडमच्या आणि शेजारच्या खोलीमधलं दार उघडून द्या. असं दार आम्ही दोन्हीकडच्या पाहुण्यांनी मागितल्याशिवाय उघडत नाही. एस्थरला घेऊन गेले आणि किल्ली फिरवली. पलीकडे एक माणूस आरामात कॉफी पीत होता.

"अध्यक्षांचा मुलगा," एस्थर पुटपुटली.

मी तिला दंडाला धरून मागे ओढलं, तेवढ्यात मॅडमनेच हाक मारली. "थांब गं. तो फोटो दाखव यांना."

एस्थरने फोन पुढे केला. मॅडम त्याच्याकडे वळली.

"बघितलंत? माझ्यासाठी अशी पोरं मरतात. आणि तुम्ही मला दोनच मंत्रिपदं देताय?"